शांतवन सरांचा अर्धा कान

शांतवन सर गेले त्या दिवशी मी श्रद्धांजली म्हणून माझाच फोटो टाकला.

सकाळी शाळेच्या ग्रुपवर बातमी आली. हळहळ वाटली, खरंच वाटली. पण दुसऱ्या कुणी काही लिहायच्या आत आपलं पडावं म्हणून घाईने दोघांचा एक फोटो शोधला आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून स्टेटसला चिकटवला. फोटोत कशेडी घाटात गॉगल लावून मी उभा, आणि कडेला सरांचा अर्धा कान. तासाभरात पोलादपूरहून तिघांनी फोन करून माझ्या बायकोचं सांत्वन केलं. तिसऱ्याला ती म्हणाली, "इथेच बसलेत. स्टेटस कुणी कुणी बघितलं ते बघतायत."

पोलादपूरच्या शाळेत सर गणिताला, मी मराठीला. निवृत्तीनंतर दोघेही महाडला राहिलो. दफनविधी झाल्यावर त्यांच्या पत्नी, मार्थावहिनी, मला म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या महिन्यात स्मरणाची उपासना आहे. ह्यांचा एक चांगला फोटो द्या. घरात ओळखपत्रावरचा तेवढा आहे, त्यात चोरासारखे दिसतात." मी छातीठोकपणे हो म्हटलं. इतकी वर्षं सरांबरोबर हिंडलो, फोटो तर हजारांनी होते...

होते, पण माझे. सवच्या गरम पाण्याच्या कुंडाशी मी. सर मागे वाफेत. चर्चच्या दारात नाताळला मी. सरांची फक्त चप्पल. एकदा मीच त्यांना म्हणालो होतो, "सर, या ना पुढे, फोटोत या." तर म्हणाले, "ज्याला मी दिसायला हवा, त्याला दिसतोय की." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

उमरठच्या पुढच्या वाडीतला एक फोटो सापडला, त्यातही मीच. तिथे एक आजी राहायची, मुंबईला इस्पितळात आयुष्यभर आयाचं काम करून परतलेली. आसपास ख्रिस्ती माणूस ती एकटीच. दर रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की सर एसटीने निघत, पुढे चढण चढत, आणि त्या एका बाईसाठी पुन्हा सगळी उपासना करत... गीत, वाचन, प्रार्थना, काही गाळायचं नाही. मी एकदा रील करायला बरोबर गेलो. सर डोळे मिटून प्रार्थना करत होते आणि मी मोबाइल स्वतःकडे वळवून चेहऱ्यावर भक्तिभाव आणत होतो. आजीने एक डोळा उघडला. "मास्तर, ह्याला डोलं मिटाया येत नाय काय?" सर डोळे न उघडता म्हणाले, "शिकतोय, आजी." आणि प्रार्थना जिथे थांबली होती तिथून पुढे चालू. त्यांचा धर्म मला कळला असं म्हणणार नाही. पण समोरच्या एका माणसापाशी इतकं पूर्ण हजर असणं मला कधी जमलं नाही. हे लिहितानासुद्धा दोनदा फोन उचलून पाहिला.

उपासनेच्या आदल्या दिवसापर्यंत फोटो मिळाला नाही. मिळाला तो एक व्हिडिओ. सावित्री नदीचं पाणी गावात शिरून ओसरलं त्या सकाळचा. स्वतःच्या घरातला गाळ तसाच ठेवून सर फावडं घेऊन आमच्याकडे आले होते, कारण माझ्या बायकोचे गुडघे दुखतात. माझे दुखत नाहीत. मी दारात उभा राहून लाइव्ह करत होतो : "मित्रांनो, बघा काय अवस्था झालीय आमची..." अकरा मिनिटं अखंड बोललो. एकदाही कॅमेरा मागे वळवला नाही. मागून नुसता आवाज, खर्रर्र... थप. खर्रर्र... थप. शेवटी तोही थांबतो, कारण सर शेजारच्या घरी गेलेले असतात.

तोच घेऊन वहिनींकडे गेलो, मान खाली घालून. फोटो नाही हे सांगितलं. त्यांनी फोन कानाला लावून व्हिडिओ ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. डोळे मिटून पूर्ण ऐकला. मला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून झालं.

फोन परत देत त्या म्हणाल्या, "श्वास घ्यायला तरी थांबायचं होतं, भाऊजी. मागे ते गात होते."