बंदुकीची पावती

सरळ सांगते, बंदूक मी उचलली. नवऱ्याने दिली नाही आणि कुणी शिकवलंही नाही. गोधडीत गुंडाळली, एसटीने राहुरीला नेली, पोलीस ठाण्यात टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही जमा करून घ्या आणि पावती द्या." एवढ्या एका वाक्यापायी मी तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अजूनही कुणी "कशाला गेलीस गं बाई?" असं विचारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कशाला गेले? आता ऐकाच.

माझे मालक लष्करातून निवृत्त होऊन आले, त्या वर्षांत आमच्या भागात पतसंस्था पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. प्रत्येकीला दारात एक मिशीवाला बंदूकधारी हवा होता. अट एकच, बंदूक स्वतःची आणि लायसनही स्वतःचं. यांनी बारा बोअरची दोन नळ्यांची बंदूक घेतली, नगरच्या कलेक्टर कचेरीत खेटे घालून लायसन काढलं आणि श्रीरामपूरच्या एका पतसंस्थेच्या दारात स्टुलावर बसले. खरं सांगायचं तर नोकरी त्यांना नव्हतीच, बंदुकीला होती. हे आपले तिच्याबरोबर जायचे. दर रविवारी अंगणात पोतं अंथरून ते तिला तेल द्यायचे, नळीतून चिंधी फिरवायचे. मी शेजारी बसून अंगणवाडीची रजिस्टरं भरायची. बघून बघून मला ती उघडायची कशी, काडतुसं काढायची कशी, सगळं येत होतं.

आणि त्या काळात निवडणुका काय, उठसूट! निवडणूक लागली की ठाण्यातून नोटीस यायची, लायसनवाल्यांनी आपापली हत्यारं जमा करावीत. मग हे सगळे गनमॅन रांगेत उभे राहायचे. हवालदार बंदुकीचा नंबर लिहून पावती फाडायचा आणि निकाल लागल्यावर पावती दाखवून बंदूक परत मिळायची. एका निवडणुकीला यांना असा ताप भरला की चालता येईना. मी सोबत गेले. स्टँडपासून ठाण्यापर्यंत बंदूक माझ्या खांद्यावर होती. हे ठाण्याबाहेर लिंबाखाली बसून राहिले, आत मीच गेले. हवालदार मिशीत हसला, "आज वहिनींची ड्युटी व्हय?" आणि पावती माझ्या हातात दिली. मी काय शिकले? बंदूक घरात नको असली तर ती ठाण्यात जमा करता येते आणि त्याची पावती मिळते. त्या दिवशीसुद्धा मी गुन्हाच करत होते, हे तो हसणारा बाबा एका शब्दाने बोलला नाही.

आता त्या दुपारचं सांगते. आमची मुलगी दहावीला होती. थोरल्या दिरांनी तिच्यासाठी जामखेडकडचं एक स्थळ आणलं. मी पाहुण्यांना चहा दिला आणि हात जोडून सांगितलं, "पोरगी शिकतीय. तिला नर्सिंगला घालायची हाय. अजून चार-पाच वर्सं तरी लगीन न्हाई." पाहुणे उठून गेले. पौर्णिमेला विहारात शिक्षणावर भाषण करणारा माझा नवरा! बोलताना गळा भरून यायचा त्यांचा. म्हटलं, निदान मनातून तरी खूश होतील. कशाचं काय! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पाहुण्यांना आणि दिरांना रस्त्यापर्यंत पोचवून ते परत आले, खुंटीवरची बंदूक काढली, दोन काडतुसं घातली, खट्‌कन बंद केली आणि मांडीवर आडवी ठेवून खाटेवर बसले. म्हणाले, "आता बोल. माझ्या भावाची अब्रू घालवलीस ना? बोल की."

मी खोटं लिहिणार नाही. त्यांनी ती माझ्यावर रोखली नाही. मांडीवर आडवी होती. पण नळीचं तोंड चुलीकडे होतं आणि चुलीपुढे मी बसले होते. पोरगी शाळेत होती, नशीब. मी भाकरी थापत राहिले. आदल्या रात्रीची ड्युटी झालेली, त्यामुळे अर्ध्या तासात ते तिथेच आडवे झाले आणि घोरायला लागले. बंदूक शेजारी, भरलेली. मग मी उठले, कळ दाबून नळी खाली पाडली, काडतुसं काढून पोरीच्या जेवणाच्या जुन्या डब्यात घातली आणि बंदूक गोधडीत गुंडाळली. शेजारणीकडे ठेवली असती तर ती अडकली असती. विहिरीत टाकली असती तर नोकरी बुडाली असती. नवऱ्याची नोकरीही राहावी आणि रागही निवावा, एवढा विचार करून मी तिला सगळ्यात सुरक्षित जागी घेऊन निघाले. माझ्या मते सुरक्षित.

ठाण्यात फौजदार नवा होता, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. गोधडी सोडली तसा तो खुर्चीवरून उठला. "लायसन कुणाच्या नावावर?"

"मालकांच्या."

"ते कुठं हायत?"

"घरी. झोपल्यात."

"मग हे तुमच्या हातात कसं?"

"मी आणलं. भांडान झालं आमचं. त्येंनी गोळ्या भरून मांडीवर घेतली हुती. राग जाईस्तवर जमा करून घ्या. पावती द्या."

त्याने पावतीपुस्तक काढलं नाही, कोरे कागद काढले. बाहेरचा चहावाला आणि सायकल हरवल्याची तक्रार द्यायला आलेला एक माणूस, असे दोन पंच आत बोलावले. पंचनामा सुरू झाला. बंदुकीचा नंबर, नळीची लांबी, काडतुसं दोन, स्टीलचा डबा एक, गोधडी एक. 'सदर महिलेच्या ताब्यात विनापरवाना अग्निशस्त्र मिळून आले.' मिळून आले! अरे, मी माझ्या पायांनी आणून दिलं ना! मी म्हणाले, "का आणली ते पण लिवा की." तो मान वर न करता म्हणाला, "ते घरगुती हाय बाई. त्याची तक्रार द्यायची तर वेगळी द्या. हे हत्याराचं हाय." निवडणुकीचा तो हसणारा हवालदार कोपऱ्यात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर साहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

संध्याकाळी दीर आणि नवरा आले. तोवर आम्हा नवरा-बायको दोघांवर गुन्हा दाखल. माझ्यावर बिनपरवाना हत्यार बाळगल्याचा आणि त्यांच्यावर हत्यार नीट न सांभाळल्याचा. म्हणजे ज्याने बायकोपुढे बंदूक भरली त्याचा गुन्हा काय, तर त्याला झोप लागली! जागा राहिला असता तर निर्दोष होता. दिरांनी माझा जामीन घेतला. घरी आल्यावर मात्र सगळं बाहेर काढलं, "घरातली गोष्ट चावडीवर नेलीस. वाटोळं केलंस भावाचं." नवरा उंबऱ्यावर बसून होता. त्यानेही मान डोलावली.

लायसन स्थगित झालं. पतसंस्थेने आठवड्यात सांगितलं, बंदूक आणा, मग या. हे साखर कारखान्याच्या गेटवर हंगामी वॉचमन लागले, हातात काठी. हंगाम संपला की लोकांच्या रानात. गावात मी अंगणवाडीत पोरांना सुकडी वाटत असले तरी बाया एकमेकींना कोपराने ढोसायच्या, "हीच ती, बंदूकवाली." मला शिक्षा झाली असती तर माझं कामही गेलं असतं आणि पोरीचं नर्सिंगही. दोघांचं काम त्या एका खटल्यावर टांगलेलं होतं.

वकिलाने तोडगा काढला. फार हुशार माणूस. म्हणाला, "असं सांगायचं, मालक सोबतच होते. अंगात ताप होता म्हणून ठाण्याबाहेर लिंबाखाली बसले. तुम्ही नुसती आत नेऊन दिली. भांडण झालंच नाही. दोघंही सुटता, लायसनही वाचतं." दिरांचा चेहरा उजळला. आमच्या खऱ्या तापाची गोष्ट यांनीच त्याला सांगितली असणार.

मी विचारलं, "आनि गोळ्या?"

"गोळ्यांचं कोण विचारतंय, बाई?"

तेच तर! कुणीच विचारत नव्हतं. फौजदाराने विचारलं नाही, पंचांनी नाही, दिरांनी नाही, आता हा पैसे घेणारा वकीलही विचारत नव्हता. मी म्हणाले, "मी असं सांगनार न्हाई." नवरा ओरडला, "आगं, मी तुरुंगात जाईन!" मी म्हणाले, "मी बी जाईन. शेजारी बसू." त्या दिवसापासून आमचं बोलणं भाकरी वाढण्यापुरतं उरलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर सगळे मलाच म्हणणार, जरा नमतं घे. का घेऊ? नमतं घेतलं असतं तर ती दुपार झालीच नव्हती असं ठरलं असतं.

तारखा पडत गेल्या. मधल्या काळात लायसनची मुदत संपली आणि कचेरीतून नोटीस आली की नूतनीकरण का केलं नाही, खुलासा करावा. बंदूक तुमच्या ठाण्याच्या खोलीत, लायसनचं पुस्तक तुमच्या कपाटात आणि खुलासा आम्ही करायचा! मी त्या नोटिशीवर भाकरीचं पीठ चाळलं. खोटं कशाला बोलू, चाळलं आणि मग वाईट वाटलं, कारण वकिलाला ती दाखवायची होती.

शेवटी न्यायाधीश साहेबांनी मला सरळ विचारलं, "बाई, तुम्ही ती का उचललीत?" तीन वर्षांत पहिल्यांदा. मी सगळं सांगितलं. भाकरी, खाट, नळीचं तोंड, डबा. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला विचारलं, "बंदूक भरली होती?" हा लष्करी गडी खाली बघून म्हणाला, "आठवत न्हाई साहेब." तिथेच पायातली काढावी असं वाटलं मला. पण साहेबांनी दोघांनाही सोडलं. माझा हेतू गुन्ह्याचा नव्हता, मी ती जमा करायलाच नेली होती, असं त्यांनी लिहिलं. तोवर पोरगी दहावी, बारावी करून श्रीरामपूरला नर्सिंगच्या होस्टेलवर पोचली होती.

बंदूक मात्र लगेच मिळेना. लायसनचं कलेक्टर कचेरी ठरवणार, आणि त्यासाठी घरी चौकशी. चौकशीला कोण आला? तोच निवडणुकीचा हवालदार, आता पोट सुटलेला. आमच्याच खुर्चीत बसला, आमचाच चहा प्याला. दीर आले होते, नवरा दाराशी उभा. पतसंस्थेने जागा अजून भरली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हवालदार कागद पुढे करत म्हणाला, "वहिनी, नुसतं लिवायचं, हरकत न्हाई. आनि खाली सही. एवढं झालं की बंदूक घरी."

मी पेन घेतलं. अंगणवाडीत रोज लिहून माझं अक्षर चांगलं होतं. मी लिहिलं, 'माझी हरकत आहे.' आणि त्याखाली चार ओळींत कारण लिहिलं, जे तीन वर्षांपूर्वी पंचनाम्यात लिहून घेतलं नव्हतं. सही केली. दीर वाचून उठले आणि चप्पल घालायलाही न थांबता बाहेर पडले. हवालदार म्हणाला, "वहिनी, घरची भाकरी जाती हो यानं." मी म्हणाले, "चहा झाला ना? या आता."

नवरा रात्री जेवला नाही. सकाळी कारखान्याला जायच्या आधी अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. मी पाणी भरत होते. आरशातच बघत म्हणाला, "तुला खरंच वाटलं व्हतं का, मी चाप वढला असता?"

मी कळशी खाली ठेवली. "तुमीच सांगा. वढला असता का?"

त्याने वस्तरा पाण्यात बुडवून झटकला. मग हळू म्हणाला, "ठाव न्हाई."

"मला बी ठाव न्हवतं," मी म्हणाले, "म्हनून उचलली."

त्याने तोंड धुतलं, कोपऱ्यातली काठी घेतली आणि कामावर गेला. मी कळशी परत नळाखाली लावली.