पाव सोडा म्हणणारा बेकरीवाला

माझे धाकटे दीर बेकरीवाले. आमच्या सासऱ्यांनी बांधलेली विटांची भट्टी, तिच्यासमोर दगडी ओटा, मागे पिठाच्या गोण्यांची खोली आणि वर माडीवर दोन खोल्यांचं घर, एवढ्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. माडीवर जन्मले, ओट्यावर रांगले आणि पुढे त्याच ओट्यावर पीठ मळायला लागले. भट्टी बेताची तापली की नाही हे बघायला ते चिमूटभर पीठ आत भिरकावतात. लगेच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश बदामी झालं तर पाव आत सारायचे. मला त्यांनी हे कितीदा तरी दाखवलंय, आणि दरवेळी आत्ताच शोध लागल्यासारखं.

माणूस सोन्यासारखा, पण जीभ डोक्याच्या दोन पावलं पुढे. चर्चच्या गायनमंडळात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा आणि सगळ्यांत आधी चुकणाराही तोच. एकदा कुणाची तरी दया येऊन आपली सायकल देऊन आले. घरी आल्यावर आठवलं की पाव घरोघर पोचवायचे ते त्याच सायकलवरून. मग महिनाभर डोक्यावर टोपली. माझी जाऊ म्हणते, "ताई, देवानं ह्यांना मन दिलं ते दोन माणसांचं. डोकं मात्र कुणाचं तरी उरलेलं."

बेकरीत तिसरा माणूस पैलवान. नावावर जाऊ नका. नुसती काडी आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून कणीक मळतोय. मागेपुढे कुणी नाही, एक भाची आहे ती लांबच्या गावी, तिचंच तिला पुरत नाही. रात्री गोण्यांच्या खोलीत झोपतो. भट्टीची भिंत तिथे ऊबदार लागते आणि त्याच्या गुडघ्यांना दुसरं औषध नाही.

यंदा पुनरुत्थानाच्या सणाआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या तोंडाशीच डोंगरापलीकडच्या गावांत भूकंप झाला. रविवारी फादरनी प्रवचनात तेवढंच सांगितलं. घरं गेली, माणसं गेली, उरलेली शाळेच्या मैदानात ताडपत्रीखाली आहेत. मिस्सा संपल्यावर मदतीसाठी हॉलमध्ये सभा भरली.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "लकी ड्रॉ ठेवू या."

आमचे हे म्हणाले, "नाटक बसवू. मी दिग्दर्शन करतो."

"नाटक बघायला नाही कुणी पैसे देणार," जाऊ माझ्या कानात कुजबुजली, "बंद करायला देतील."

मी हसू दाबत होते, तेवढ्यात भावजी उभे राहिले. डोळे भरलेले. "ड्रॉ नको नि नाटक नको. उपवासकाळ आहे ना? मग पाव सोडा! रोज सकाळी पावाला जे पैसे जातात ते घरच्या मदतपेटीत टाका, पुनरुत्थानाच्या सणापर्यंत. घरातल्या लहानथोरांनी सोडा. होऊ दे काहीतरी खरं!"

टाळ्या पडल्या. फादरनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आमच्या भागात सकाळी पावाशिवाय कुणाच्या घशाखाली चहा उतरत नाही, म्हणजे सोडायचं तर हेच. सगळ्यांना पटलं. फक्त जाऊचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रस्त्यात ती थांबली. "अहो, ह्या भागात बेकऱ्या किती?"

"एकच. आपली."

"मग लोक पाव सोडणार म्हणजे कुणाचा सोडणार?"

भावजी जागच्या जागी उभे राहिले. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून गेली. "अगं," ते म्हणाले, "हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते बघून हसावं की रडावं कळेना. दुकानात पाव घ्यायला कुणी येईना, पण सांगायला सगळे येत. "आम्हीही सोडला हं!" शिंपीकाका मुद्दाम रस्ता ओलांडून आले. "माझ्या नातवानंसुद्धा सोडला, रडला पण सोडला." आणि भावजी भरलेल्या परातींमागे उभे राहून प्रत्येकाला म्हणायचे, "शाब्बास! देव बघतोय."

"देवच बघतोय नुसता," जाऊ आतून ओरडायची. "घेत कुणीच नाही!"

उरलेले पाव कामगारांच्या वस्तीत वाटले, मग आम्ही खाल्ले असते, पण आम्हीही सोडला होता. घाणा कमी केला, आणखी कमी केला. पीठवाल्याने नवी गोणी टाकली नाही, कारण मागच्याचेच द्यायचे राहिले होते. शेवटी जाऊ मला बोलवायला आली. "ताई, तुम्ही तरी समजवा. शनिवारी भट्टी विझवतो म्हणतायत."

मी गेले. भट्टीची गोष्ट साधी नाही. एकदा पूर्ण गार झाली की विटा तडकतात. सासऱ्यांच्या दुखवट्यातसुद्धा ती विझू दिली नव्हती.

"फादरना सांगा ना भावजी, चूक झाली म्हणून."

"चूक कसली, वहिनी? दिला शब्द तो दिला. देताना आपल्याला टोचलं नाही तर तो त्याग कसला?"

"तुम्हाला टोचतंय ते ठीक," जाऊ म्हणाली, "पण पैलवानाला कशाला टोचायचं? त्यानं कुठल्या सभेत हात वर केला होता?"

पैलवान कोपऱ्यात बसून कणीक मळायचं लाकडी पाळं रिकामंच उगाच पुसत होता. म्हणाला, "मी जातो भाचीकडे. सणानंतर येतो." भाचीकडे जागा नाही हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि विझलेल्या भट्टीकडे कोण कशाला परत येतं?

"फादरना काही बोलायचं नाही," भावजींनी मला बजावलं. मी मान हलवली. आडवी की उभी, हे त्यांनी नीट बघितलं नाही.

त्याच दुपारी हॉलमध्ये आम्ही बायका गाठोडी बांधत होतो. कपड्यांचा डोंगर झाला होता. लग्नातले सूट, उंच टाचांचे बूट, काय काय लोक देतात! मदतकार्याच्या सिस्टर डोंगरापलीकडून नुकत्याच आल्या होत्या, पायमोज्यांपर्यंत धुळीने माखलेल्या. गाठोड्यांकडे बघून बाकावर बसल्याच.

"बायांनो, आता कपडे पुरे. धान्यही पुरे. शिजवणार कशात? भांडी ढिगाऱ्याखाली, सरपणाचा पत्ता नाही. असं काही द्या की पुड्यातून काढलं की तोंडात गेलं पाहिजे, आणि आठवडाभर टिकलं पाहिजे."

माझ्या हातातली सुतळी खाली पडली. टोस्ट! पाव कापून पुन्हा भाजला की झाला. मी तशीच पदर खोचून बेकरीत.

भावजींचा चेहरा आधी उजळला आणि मग असा उतरला की मलाच वाईट वाटलं. "नाही वहिनी. पाव सोडा म्हणणारा मी, आणि आता पेटीतल्या त्याच पैशांना टोस्ट विकणाराही मी? लोक म्हणतील, बेकरीवाल्यानं डाव बरोबर टाकला. मी फुकट दिले असते, पण पीठ कुठाय?"

मी चर्चमध्ये जाऊन पवित्र मारियेपुढे जरा वेळ बसले. तिलाही घरचा माणूस जे सांगू नको म्हणतो ते कधीतरी सांगावं लागलं असेल, असं माझ्या मनात आलं. मग उठून सरळ फादरच्या खोलीवर गेले.

फादर आधी पोट धरून हसले. मग हसू मावळलं. "मला तरी कुठे सुचलं हो? मी तर सकाळी त्याच्या दुकानासमोर उभं राहून आशीर्वाद देऊन आलो."

पण शनिवारपर्यंत थांबून चालणार नव्हतं. संध्याकाळच्या मिस्सेला त्यांनी उघड सांगितलं, "आपण सगळ्यांनी उपास केला आणि एकाच्या ताटातला घास उचलून पेटीत टाकला. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही." सगळं चर्च मान वळवून गायनमंडळाकडे बघायला लागलं. भावजींनी गीतांचं पुस्तक तोंडावर धरलं.

शाळेतल्या बाईंना राहवेना. "मग आता पाव खायचा का?"

"नाही!" पुस्तकामागून आवाज आला, चर्च दणाणलं. "सोडला तो सोडला!"

"बरं, बरं," फादर म्हणाले. "उपास राहू दे. टोस्ट मात्र डोंगरापलीकडे जातील. पीठ घरोघरून येईल. लाकडांचे पैसे वखारवाल्याला आणि मळणाऱ्याची मजुरी त्याच्या हातात, दोन्ही फंडातून. बेकरीवाल्यानं भट्टी आणि हात द्यायचे. तो विकणार काहीच नाही, तेव्हा कुणी काही बोलायचं कारण नाही."

जाऊने माझा हात दाबला. "आणि आम्ही काय खायचं?" ती कुजबुजली. आमचे हे पुढच्या बाकावरून मागे वळले. "सणापर्यंत आमच्याकडे जेवा. भाजी माझ्या हातची असेल, तेवढा त्याग तुम्हीही करा."

दुसऱ्या दिवशी बेकरीपुढे डबे, पिशव्या, बरण्या. प्रत्येक घरचं पीठ वेगळं. कुणाचं जाडं, कुणाचं बारीक, कुणाचं गेल्या वर्षीचं. कणीक वळेचना. भावजी म्हणाले पाणी कमी झालं, पैलवान म्हणाला जास्त झालं, दोघं नवराबायकोसारखे भांडले. पहिला घाणा असा निघाला की जाऊने एक टोस्ट ओट्यावर आपटला आणि ओट्याचाच टवका उडाला. "हे पाठवा," ती म्हणाली. "खाता आले नाहीत तर घरं तरी बांधतील." सिस्टरसुद्धा हसल्या, आणि मग डोळे पुसत राहिल्या.

पीठ चाळून, एकत्र मिसळून, रात्रभर भिजवून दुसरा घाणा लावला. तो जमला. खमंग, बदामी, दाताखाली कुर्रकन मोडणारा. सिस्टरनी एक चाखला आणि म्हणाल्या, म्हाताऱ्यांनी पाण्यात बुडवला तरी चालेल. त्यांना तेवढंच हवं होतं. आम्ही बायकांनी पुडे बांधले.

त्या वासाने मात्र गल्लीची परीक्षा घेतली. पाव सोडलेली सगळी माणसं काही ना काही कारण काढून बेकरीवरून जायला लागली. शिंपीकाका तर नुसतेच दारात उभे. "काय हवंय काका?" जाऊने विचारलं.

"काही नाही गं. वास घेतोय. वास सोडलेला नाही ना?"

"वासाचे पण पेटीत टाकायचे!" भावजी आतून ओरडले. काकांनी खरंच टाकले, आणि ही गोष्ट गावभर झाल्यावर घरोघरची पेटी जरा जडच लागायला लागली.

शनिवारी ट्रक टोस्टांनी भरून निघाला. सिस्टर पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. भावजींनी हात हलवला, मग आत येऊन चिमूटभर पीठ भट्टीत भिरकावलं आणि वाकून बघत राहिले. पैलवानाने पाळं पुढे ओढलं, बाह्या वर सारल्या आणि विचारलं, "आता किती मळू?"

"दारात पीठ किती आलंय बघ," भावजी म्हणाले, "तेवढं सगळं."