गिलाव्याची घरपट्टी

सांतिगी गवंडी. रोकोंटा नावाची त्याची सगळी वस्ती त्याला वडीलधाऱ्याला म्हणतात तसं ‘पा’ म्हणायची. घर मातीच्या दोन खोल्यांचं, वर पत्रा. पण रस्त्याकडच्या भिंतीला घडीव दगड वाटावा असा गिलावा. दुसऱ्यांच्या कामांतून उरलेल्या वाळू-सिमेंटात त्याने तो सवडीसवडीने केला होता. गिऱ्हाईक आलं की तो काही बोलत नसे, नुसता भिंतीसमोरून बाजूला होई.

सिएरा लिओनमधल्या या शहरात घरपट्टी पूर्वी नुसत्या लांबी-रुंदीवर बसायची. टेकडीवरचा कार्बो वकिलांचा तीन मजली बंगला असो की खालचं तेवढ्याच जागेतलं पत्र्याचं खोपट, पट्टी सारखीच. मग नवी पद्धत आली. भिंत, छप्पर, खिडक्या बाहेरून बघायच्या आणि पट्टी ठरवायची. प्रभागाच्या सभेत तिच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज पा सांतिगीचा होता. “ज्याचं घर दिसतं, त्याने द्यावं!” टाळ्याही पडल्या.

त्यानंतर पट्टी वाचवायला नवी घरं बाहेरून सिमेंटच्या उघड्या ठोकळ्यांचीच राहू लागली. आत चकचकीत फरशी, बाहेर गिलावा नाही. सांतिगीची कामं आटली. त्यातच त्याला नोटीस आली: पट्टी शेजाऱ्यांच्या दुप्पट.

तो पालिकेत गेला. पाहणीचं काम रुगियातू नावाच्या तरुणीकडे होतं.

“पा, भिंत पक्की दिसते. मी काय करू?”

“मागून येऊन बघ की. माती आहे सगळी.”

“आत शिरलं की चिरीमिरी सुरू होते, म्हणून तर रस्त्यावरून बघायचा नियम.”

“नियम चांगलाच आहे, पोरी. मीच भांडलो होतो त्यासाठी.”

“शुक्रवारी पुन्हा येते. दिसेल ते लिहीन.”

घरी त्याच्या बायकोने, याबोमने, भात आणि कसाव्याच्या पाल्याचं कालवण पुढे ठेवलं.

“बोला अजून सभेत. पट्टी भरली तर तांदूळ बंद. उतरवा तो गिलावा.”

“माझा सगळा हात त्या भिंतीत आहे गं.”

“हात खांद्याला आहे तुमच्या. जेवा.”

दुसऱ्या दिवशी त्याने छिन्नी लावली. वरून खाली, मातीला धक्का न लावता.

“पा, भूकंप झाला का?” शेजारच्याने विचारलं.

“झाला ना. पालिकेचा.”

शुक्रवारी रुगियातू आली, रस्त्यावर जरा वेळ उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघताच पट्टी निम्मी करून गेली.

संध्याकाळी कार्बो वकिलांचा ड्रायव्हर आला. “साहेबांनी बोलावलंय. दर्शनी गिलावा उतरवायचाय. सोमवारपासून या.”

“तो मीच केला होता.”

“म्हणूनच तर. कुठून सुटतो ते तुम्हाला ठाऊक.”

“तिन्ही मजले?”

“तिन्ही.”

“मग त्यांची पट्टी?”

ड्रायव्हर हसला. “ती बाई आमच्याकडेही रस्त्यावरूनच बघणार ना?”

याबोम दारात उभी होती. सांतिगीने तिच्याकडे बघितलं, मग ड्रायव्हरकडे, आणि होकारार्थी मान हलवली.

सोमवारी त्याने पिशवी भरायला घेतली. मोठी छिन्नी मावेना. त्याने गिलाव्याची थापी बाहेर काढून ठेवली.