शुक्रवारचं पाणी

"सॅम्पल कुठल्या वारी घ्यायचीस?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रणालीला विचारलं.

"शुक्रवारी, सर. दर शुक्रवारी."

त्यांनी थीसिस मिटला. "अगं, मी अंबरनाथला नोकरी केलीये. शुक्रवारी इथल्या कंपन्यांना वीकली ऑफ असतो. कंपन्या बंद असताना तू त्यांच्या नाल्याचं पाणी तपासत बसलीस?"

मी तिचा गाईड. शेजारच्याच खुर्चीत होतो.

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो. बीएस्सीला आता चौथं वर्ष आलंय, 'ऑनर्स विथ रिसर्च'. एक विषय घ्यायचा, वर्षभर स्वतः प्रयोग करायचे, शेवटी थीसिस आणि तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा. पंचाहत्तर टक्के पडले तर एमएस्सी न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो. प्रणालीचा सगळा जीव त्यात होता. घर बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. वडील अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर. घरून तिला एकच वर्ष वाढवून मिळालं होतं. पुढे नोकरी.

विषय मीच दिला. अंबरनाथच्या इंडस्ट्रियल एरियातून येणाऱ्या नाल्याचा सीओडी. पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला किती ऑक्सिजन लागतो, त्याचं हे माप. आकडा मोठा, तितकं पाणी घाण. शुक्रवारही मीच ठरवला. त्या दिवशी मला लेक्चर नसायचं आणि लॅब रिकामी असायची.

पहिल्याच महिन्यात ती म्हणाली होती, "सर, शुक्रवारी पप्पा घरी असतात. सगळ्याच कंपन्या बंद असतात ना. मंगळवारी गेले तर चालेल का?"

"मंगळवारी लॅब कोण देणार? आणि वार बदलला की डेटा बिघडतो. रिसर्च आहे हा, पप्पांच्या सुट्टीवर नाही चालत."

ती हसली. मीही हसलो, स्वतःच्याच विनोदावर. वीस वर्षं मी इथे राहतोय. शुक्रवारची सुट्टी मला ठाऊक नव्हती, असंही नाही. पण ती गोष्ट रस्त्यावरची. थीसिसशी तिचा संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

वर्षभर आकडे कमीच येत राहिले. नाला वाटतो तितका घाण नाही, हे काहीतरी नवीन सापडलंय म्हणून मी खूश होतो.

"हे तुझ्या लक्षात कसं नाही आलं?" परीक्षकांनी विचारलं.

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "चुकलं सर माझं."

तिथे मी बोलायला हवं होतं. वार मी ठरवला, तिने मला सांगितलं होतं, एवढंच. पण समोर डिपार्टमेंटचे हेड बसले होते. मी पाण्याचा ग्लास उचलला.

तिला एकाहत्तर टक्के पडले.

परवा बदलापूर गावात भाजी घेताना ती भेटली. अंबरनाथला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागलीये, मालाचा दर्जा तपासायच्या कामावर. मला लाज वाटली. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "एकदा घरी ये ना, निवांत."

"येईन ना सर. शुक्रवारी येते. तेव्हाच सुट्टी असते."

टोमणा नव्हता. टोमणा मारणाऱ्यातली ती नाही.

आता सॅम्पलचा वार मी मुलांनाच ठरवू देतो. त्यांच्यावर विश्वास बसला म्हणून नाही. व्हायवात कुणी विचारलं, तर "मी ठरवला" म्हणायची हिंमत माझ्यात नाही, हे मला कळलंय.