मशीनवरचा आवाज

परवा भोसरीतून जाताना गरम ऑइलचा वास नाकात शिरला आणि वर्गातला माझा पहिला दिवस आठवला. उमेदीची सगळी वर्षं तिथल्या एका कंपनीत, पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये घालवून, शिफ्ट सांभाळत शिकून, मी चाळिशीत शिक्षक झालो होतो. तिसरीचा वर्ग, खिडकीतून बाकांवर उतरलेलं ऊन, नव्या दप्तरांचा वास. खडू उचलला आणि नेहमीच्या आवाजात पाढा सांगायला लागलो. वर्ग एकदम चिडीचूप. मनात म्हटलं, जमलं की राव आपल्याला! तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, आम्ही काय केलं? तुम्ही का रागावताय?" तेव्हा कळलं, मी ओरडत होतो. "रागावलो नाही गं. आमच्या कंपनीत मशीनचा फार आवाज असायचा, ओरडल्याशिवाय ऐकूच जायचं नाही." तिनं वर्गभर नजर फिरवली आणि मला समजावत म्हणाली, "पण इथं तर मशीन नाहीये, सर." परवा त्या वासापाशी, जुन्या कंपनीसमोर गाडी थांबवलीच. मशीनवरचा जुना जोडीदार गेटवर आला. आत धडधड चालूच होती. मी किती तरी वेळ काहीबाही विचारत राहिलो, तर तो कानामागं हात धरून ओरडला, "मोठ्यानं बोल की भावा, काहीच ऐकू येईना!"