सुलूमावशींचा पीसी, अख्ख्या मजल्याचा टीव्ही

परळच्या आमच्या चाळीत कुणी सुलूमावशींचा एक किस्सा सुरू केला, की ऐकणारा म्हणतो, "ते सोड, हा ऐक!" अशाने ढीग साचलाय नुसता. त्यातले हे थोडे.

मावशी आमच्या शेजारी. टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता रिटायर. मुलगा नोकरीला कॅनडात गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी पडून राहिला. मावशींच्या मनात आलं, हा टीव्हीला जोडला तर? केबल आणायला दादरला गेल्या. दुकानदार म्हणाला, "मावशी, कशाला खटपट? सरळ स्मार्ट टीव्ही घ्या."

मावशी म्हणाल्या, "टीव्ही स्मार्ट नसला तरी चालेल. मी आहे ना!"

संध्याकाळी टीव्हीवर चित्र आलं, पण आवाज कपाटाखालच्या कॉम्प्युटरमधूनच! हिरो समोर रडतोय आणि हुंदके कपाटाखालून येतायत. आम्ही जो तो अक्कल पाजळत होतो. मावशींनी शांतपणे सेटिंग उघडलं, एक एक पर्याय दाबून बघितला आणि आवाज टीव्हीत नेऊन बसवला. "अहो, आयुष्यभर लाइनीच तर जोडल्या मी!"

---

वायरलेस माउस घेतला, तर तो सोफ्यावर चालेना. मावशींनी पोळपाट मांडीवर घेतला, त्यावर माउस. झकास चालला! तेव्हापासून त्यांच्याकडे एकच नियम: "पोळ्यांच्या टायमाला सिनेमा बंद!"

---

क्रिकेट बघताना वेगळीच गंमत. नेटवरची मॅच केबलपेक्षा थोडी मागे असते. समोरच्या चाळीत आरडाओरडा व्हायचा, मग आमच्याकडे विकेट पडायची. पोरं वैतागली. मावशी मात्र खूष. एकदा शीवहून त्यांचे व्याही आले होते. समोर गलका झाला, की मावशी चहा ओतता ओतता म्हणायच्या, "हा आता जाणार बघा." आणि तो जायचा!

व्याही निघताना हळूच म्हणाले, "सुलूताई, आमच्या धाकटीचं लग्न कधी जमेल, तेवढं सांगाल?"

---

एका रविवारी सगळा मजला त्यांच्या खोलीत सिनेमा बघत होता. खुनी कोण ते कळणार, तेवढ्यात पडदा निळा! कॉम्प्युटरला अपडेट करायची हुक्की आली होती. टक्के काही पुढे सरकेनात. लोक उठायला लागले.

"बसा!" मावशी म्हणाल्या. "प्रत्येकानं शेवट सांगायचा. कदम, तुम्ही सुरू करा."

कदम बँकेत क्लार्क, एरवी हो-नाहीच्या पुढे न जाणारा माणूस. त्यांनी असा काही खुनी काढला की सगळे गार! नंतर खरा शेवट बघितला. मावशींनी निकाल दिला, "ह्या डायरेक्टरपेक्षा आपला कदम बरा रे!"

---

आणि हा परबकाकांचा.

काका तळमजल्यावर राहतात. गाव मालवणाकडे. जत्रेत देवाच्या पालखीला खांदा द्यायला दरवर्षी जायचे. गणपतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात थोडा सुधारला, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणायचे, प्रयत्न करत राहा. काकी दिवसभर बोलत राहायची, काका भिंतीकडे बघत.

जत्रेच्या दिवशी गावच्या मंडळानं पालखी नेटवर लाइव्ह दाखवली. मावशींना कळलं, तसं त्यांनी आम्हाला कामाला लावलं. आम्ही काकांना खुर्चीसकट उचलून वर आणलं आणि टीव्हीसमोर ठेवलं. ढोल सुरू झाले. पालखी देवळाभोवती फिरायला लागली. काका टक लावून बघत होते.

वळणावर पुढच्या भोयाचा पाय घसरला. पालखी एका अंगाला झुकली.

"मेल्या, खांदो बदल! कलांडता ती!"

आवाज घोगरा होता, अडखळत आला, पण काकांचाच होता. पडद्यावर पालखी सावरली, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

काकी खुर्चीपाशी खाली बसली. डोळ्यांतून धारा, आणि हसतही होती. काकांचा हात धरून म्हणाली,

"आता माका पण एक शिवी घाला!"