वरून भरलेली बाटली

आमच्या कामात किस्से साठतात ते भीतीपोटी. परळच्या एका हॉस्पिटलात मी इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर आहे. म्हणजे हात धुवा, लादी नीट पुसा, बाटलीवर तारीख घाला असं दिवसभर सांगत फिरणारी नकोशी बाई. लोक मला टाळतात, आणि टाळताना जे करून बसतात त्याचे किस्से होतात.

*

कामत सर उत्तम सर्जन, पण भारी घाईचे. कातडीवर आयोडीन लावलं की ते वाळेपर्यंत थांबायचं असतं, जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच. सरांनी ब्लेडसाठी हात पुढे केला की मी घड्याळ दाखवते.

एकदा वैतागून म्हणाले, "सिस्टर, पेशंट म्हातारा होईल."

"होऊ दे सर. अजून एक मिनिट."

थांबले. पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

सावंत मावशी वॉर्डात सफाईला, लालबागच्या, कंत्राटावर. एका दुपारी बाथरूम चकाचक करायच्या भरात त्यांनी ब्लीचवर ॲसिड ओतलं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. खोकत, दाराला धरत त्या बाहेर आल्या. मी त्यांना ओढत खिडकीपाशी नेलं.

श्वास ताळ्यावर आल्यावर म्हणाल्या, "दोन्ही चांगली ना ओ? मग एकत्र जास्त चांगली नाय?"

*

हाताला लावायच्या स्पिरिटमध्ये थोडं पाणी असावं लागतं, तरच ते जंतूच्या आत शिरतं. ट्रेनिंगमध्ये हे कुणालाच पटेना. मागून मावशी म्हणाल्या, "आमचे हेपण पाणी घालूनच घ्यायचे. निव्वळ कोण घेतो?"

ट्रेनिंग तिथेच संपलं.

*

मग घोडपदेवच्या राणे काकांचे टाके पिकले. साधं हर्नियाचं ऑपरेशन. पाठोपाठ आणखी दोन खाटांवर तोच हिरवट पू. काकांची जखम दुसऱ्यांदा उघडली, तेव्हा कामत सर मला म्हणाले, "चौथा पेशंट असा झाला तर मी ऑपरेशन थिएटर बंद करतोय. शोधा."

नळ, ट्रॉली, चिमटे, सगळ्यांचे हात, सगळं तपासलं. स्वच्छ. शेवटी निव्वळ हट्टाने ड्रेसिंगच्या अँटिसेप्टिकचाच नमुना लॅबला दिला. जंतू वाढवून बघायची प्लेट गच्च भरून आली.

बाटली कित्येक महिने धुतलीच नव्हती. बाटल्या भरायचं काम मावशींकडे; संपत आली की त्या वरून नवं भरायच्या. तळाशी विरजण राहावं तसे जंतू राहिले, औषधाला सरावले, आणि आम्ही रोज त्यानेच जखमा पुसत होतो.

*

चौकशीला मेट्रन, कामत सर, मी आणि मावशी. मेट्रननी विचारलं, "मावशी, न धुता वरून भरायला कुणी सांगितलं?"

कंत्राटावरच्या बाईला काढायला एक कागद पुरतो. तो टेबलावर तयारच होता.

"कोणी नाय," मावशी खाली बघत म्हणाल्या. "माझंच डोकं."

औषधाच्या तुटवड्याच्या दिवसांत मीच त्यांना सांगितलं होतं, थेंबसुद्धा फेकू नका, वरूनच भरा. तुटवडा संपला आणि मी सांगायला विसरले.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

कामत सरांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांना कसलीच घाई नव्हती.

मावशींची नोकरी राहिली. मला मेमो मिळाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी राणे काकांच्या खाटेशी जाऊन मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मावशी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन आल्या. बाटली धुतलेली, वाळवलेली, नव्याने भरलेली. लेबलवर धुतल्याची तारीख आणि खाली 'सावंत'.

"सही करा, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आता काय झालं तर दोघी जाऊ."

मी सही केली.

"ते पेन इकडे द्या," काका म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, लेबल दोनदा वाचलं आणि आमच्या नावांखाली सावकाश सही केली.

"जखम माझी आहे," म्हणाले, आणि पोटावरची चादर बाजूला केली.